साखरपुड्यापुरतं गवत

शेणव्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून उजवीकडे वळलं की अनिलचा बंगला लागतो. समोर चाळीस फूट लांब, तीस फूट रुंद लॉन. ते तीन वर्षांपूर्वी लावलं आणि जगवायला त्याच वर्षी बंगल्यामागे बोअर मारली. बंगल्याखालच्या उतारावर बेहडपाडा आहे, वीस-बावीस घरांचा. पाड्याची विहीर पूर्वी मेच्या मध्यापर्यंत पुरायची. बोअर झाल्यापासून ती मार्चमध्येच तळ दाखवू लागली. बोअरने विहीर ओढली, असं पाड्यावर सगळे म्हणत. अनिल म्हणे, जमिनीच्या पोटातलं कुणी पाहिलंय.

अनिलचं शहापूरला बांधकामाच्या सामानाचं दुकान होतं. घराणं शेणव्यातलंच, भातशेतीचं. बंगलाही त्याच्या वडिलांच्या, कुंडलिकच्या शेतात बांधलेला. लॉनची निगा दिनेश राखायचा. तो बेहडपाड्यावरचा. त्याची बायको जयश्री रोज त्याच आटलेल्या विहिरीवर पाणी भरायची.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीने भरावं लागत होतं. एका हंड्याला पाऊण तास. जयश्री पहाटे पाचला विहिरीत उतरली आणि साडेनऊला दोन हंडे घेऊन घरी आली. थोड्या वेळाने दिनेश आला. त्याच्या पँटचे पाय गुडघ्यापर्यंत ओले होते.

"लॉन भिजवलास?" तिने विचारलं.

"हो."

"प्यायलं का पोटभर?"

"काम हाय माझं ते, जया."

"मी कुठं नाय म्हनते? पँट पिळ."

"काय?"

"पँट पिळ. हंड्यात पिळ. तेवढंच घरात पानी येल."

दिनेश न जेवता उठला आणि अंगणातल्या माचीवर जाऊन बसला. बायको बोलली याचा राग होताच, पण ती खोटं बोलली नव्हती याचा जास्त होता. त्याने मुरबाडच्या एका नर्सरीत दोन वर्षं काम केलं होतं. अनिलच्या लॉनला पाणी चुकीचं घातलं जातंय, हे त्याला पहिल्या उन्हाळ्यापासून माहीत होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं.

वीस मार्चला तो स्वतःहून अनिलसमोर उभा राहिला. अनिल व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत होता. लॉनच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या आणि अठरा मेला अनिलच्या मुलीचा, समीक्षाचा साखरपुडा याच लॉनवर ठरला होता. पाहुणे अडीचशे.

"शेठ, रोज पानी घातल्यानं हे पिवळं पडतंय," दिनेश म्हणाला.

"आणि न घातल्यानं हिरवं होणार?"

"रोज वरवर शिंपलं की मुळं वरच राहतात. वरची माती दुपारपर्यंत तापते, मुळं भाजतात. आठवड्यातून एकदा घालू. पहाटे. सळई अर्धा हात आत जाईल एवढं भिजवू. कापायचं बंद करू, गवत उंच राहिलं की स्वतःची सावली स्वतःवर पाडतं. वरून सुक्या पानांचा पातेरा पसरू. गवत झोपेल. रंग जाईल, जीव राहील."

"आणि साखरपुड्याला पाहुण्यांना पातेरा दाखवू?"

"दहा दिवस आधी उघडू. तीन दिवस पानी दिलं की हिरवं."

अनिलने वर्तमानपत्र खाली ठेवलं. बोअर दिवसातून दोनदा गढूळ पाणी ओढत होती. मोटर जळेल, असं मेकॅनिक त्याला दोन वेळा सांगून गेला होता.

"यात तुझं काय?"

"पानी वाचेल ते संध्याकाळी तासभर पाड्याच्या टाकीत सोडा. पाइप आमी टाकू."

अनिल हसला. "मग तसं बोल ना आधी. गवताची एवढी माया कुठून आली, तेच मला समजत नव्हतं." मग त्याने अट घातली. "लॉन मेलं तर पाणी बंद. कारण काहीही असो. मला कारणं सांगायची नाहीत."

दिनेश हो म्हणाला.

पाइप पाड्याने दोन दिवसांत टाकला. पानं बायकांनी आणली. रानात सागाचा आणि पळसाचा पातेरा घोटाभर पडलेला होता. जयश्री आणि तिची शेजारीण ठमी यांनी टोपल्याच्या टोपल्या वाहिल्या. तोंडाने शिव्या चालूच होत्या.

"आमच्या पोरांना पांघरून नाय, गवताला पांघरून," ठमी म्हणाली.

"गप पसर," जयश्री म्हणाली. "हे झोपलं तर आपल्याला पानी."

एप्रिलमध्ये वारा सुटला आणि पानं उडू लागली. दिनेशने त्यावर पेंढा टाकला, पेंढ्यावर शेणाचा पातळ काला शिंपला आणि शेवटी बारीक माती भुरभुरली. पानं बसली. दर गुरुवारी पहाटे तो पाणी सोडायचा, सळई रोवून बघायचा आणि एका कोपऱ्यातला पाला उचलून गवताचं बूड तपासायचा. पात्या वाळक्या होत्या, बूड पांढरं आणि ओलं होतं. पाड्याच्या काळ्या टाकीत रोज संध्याकाळी तासभर पाणी पडत होतं. जयश्री आता पहाटे पाचला उठत नव्हती. पँट पिळायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

पाला आठ मेला उचलायचा होता.

पाच मेला जयश्रीचा बाप पोश्या वीटभट्टीवरून परतला. तीन वर्षं तो दिवाळीनंतर भिवंडीकडे जायचा आणि पाऊस तोंडावर आल्यावरच यायचा; बंगल्याच्या फाटकातून आत तो कधी गेला नव्हता. या वेळी गुडघा सुजला म्हणून भट्टीवाल्याने आधीच घालवला. त्याआधी तीसेक वर्षं त्याने कुंडलिकच्या शेतावर मजुरी केली होती. भाताचं बी पेरायच्या आधी जमीन भाजावी लागते. शेण, पाला, गवत असे थर लावतात, वर माती टाकतात आणि पेटवतात. त्याला राब म्हणतात. राब भाजण्यात पोश्याचा हात धरणारा शेणव्यात कुणी नव्हता.

कुंडलिकला तो रस्त्यात भेटला. कुंडलिक म्हणाला, "आलास ते बरं झालं. बंगल्याजवळचा राब तेवढा राहिलाय. भाजून टाक."

कुंडलिकच्या मनात बंगल्यामागचा, बोअरच्या पलीकडचा नवा तुकडा होता. तिथे थर लावून तयार होते. पोश्याला तो तुकडा माहीत नव्हता. त्याला माहीत होती राबाची जुनी जागा, शेताच्या वरच्या अंगाचा चौकोन, जिथे त्याने तीस उन्हाळे आग लावली होती. त्याच चौकोनावर अनिलने लॉन केलं होतं.

सात मेला सकाळी नऊ वाजता पोश्या आला. दिनेश अनिलच्या बायकोबरोबर, रेश्मावहिनींबरोबर, साखरपुड्याच्या कुंड्या आणायला शहापूरला गेला होता. पोश्यासमोर चौकोन होता. पाला, पेंढा, शेण, वर माती. थर कुणी लावले ते ठाऊक नव्हतं, पण लावणाऱ्याला काम येत होतं. कडेने पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या विटा दिसल्या. बंगलेवाले राबालाही विटा लावतात, असं समजून तो पुढे झाला. त्याने चिमूटभर धूळ वर सोडली. वारा पश्चिमेचा होता. राब वाऱ्याच्या पाठीवर पेटवला तर आग वरच्यावर पळून जाते आणि माती कच्ची राहते. म्हणून त्याने पूर्वेच्या कडेला काडी लावली. आग वाऱ्याच्या तोंडावर, इंच इंच सरकत गेली. पोश्या हिरवी डहाळी घेऊन कडेने फिरत राहिला. दोन तासांत चौकोन सारखा भाजून निघाला. एक कोपरा कच्चा राहिला नाही.

घरात खाटेवर पडलेल्या कुंडलिकला धुराचा वास आला. आपला राब भाजतोय म्हणून तो उठला नाही.

सव्वाअकराला अनिल आला. गाडी फाटकातच सोडून तो धावत आत शिरला. पोश्या सावलीत बिडी ओढत होता. मालकाला बघून तो उठला आणि हसला. "झक्कास भाजलाय, शेठ."

अनिलने त्याच्या कानाखाली मारली.

बिडी राखेत पडली. पोश्याने गालाला हात लावला नाही. तो अनिलकडे बघत राहिला.

"कुणी पाठवलं तुला?" अनिल ओरडत होता. "पाड्यातल्या कुणी सांगितलं? जावयानं? मुलीनं? पाणी पिऊन वर आग लावता?"

"राब भाजायला सांगितला, मी भाजला."

"कुणी सांगितला?"

पोश्याने व्हरांड्याकडे बोट केलं. कुंडलिक तिथे येऊन उभा होता. त्याने काळा चौकोन बघितला, मुलाचा चेहरा बघितला. सत्तर पार केलेला माणूस, मुलाच्या घरात राहणारा. तो वळला. आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन बसला.

"बाबांचं नाव घेतोस?" अनिल म्हणाला, आणि पोलिसांत द्यायची भाषा सुरू झाली. पोलिसांत त्याने दिलं नाही. साखरपुडा अकरा दिवसांवर आला होता. त्याने पाड्याच्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद केला.

दिनेश दुपारी परतला. कुंड्या टेम्पोतच राहिल्या. त्याने राख बाजूला करून चार ठिकाणी खणलं. आग वरवर पळाली असती तर मुळं वाचली असती. इथे बोटभर खोलीपर्यंत माती भाजून तांबूस झाली होती आणि मुळं हातात चुरा होत होती. सहा आठवडे त्याने जे बूड पांढरं आणि ओलं ठेवलं होतं, ते कुठेच सापडलं नाही.

"शेठ, ही चूक झाली. मुद्दाम नाय."

"कारणं सांगायची नाहीत, ठरलं होतं."

"दीड महिना मी त्याला—"

"ठरलं होतं, दिनेश."

घरी आल्यावर दिनेशने सासऱ्यावर तोंड सोडलं. "पेटवायच्या आधी वाकून बघायला काय झालेलं? खाली गवत दिसलं नाय?"

"राबात गवत असतंच," पोश्या म्हणाला. त्याचा डावा गाल अजून लाल होता. "तीस वर्सं त्याच चौकोनात भाजतोय मी. ती जागा राबाची. गवत तुमी लावलात. मला इचारलंत?"

"तू भट्टीवर होतास."

"मग येऊन सांगायचं. राबावर झोपवून ठेवलंय गवत, म्हातारबा, काडी लावू नको. कुनाच्या बापानं ऐकलंय का असं?"

 जयश्री घागरी मोजून उंबऱ्यात मांडत होती. दुसऱ्या दिवशी ती पहाटे चारला उठली, कारण विहिरीचा झरा आता वाटीलाही पुरत नव्हता. पाड्यावर टँकर दर चौथ्या दिवशी यायचा, तोही कधी पाचव्या. अकरा मेला ठमीची सून बारकी हंडा डोक्यावर घेऊन उतारावर पडली. तिला सातवा महिना होता. हंडा कलंडला, तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण ती जिथे पडली तिथून बंगल्याचं फाटक दिसत होतं, आणि फाटकात मांडवाचे बांबू उतरवणं चाललं होतं. जयश्रीने तिला उठवलं. सांडलेलं पाणी मातीत जिरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. त्या दिवशी तिने नवऱ्याला विचारलं, "आता शेठ काय करनार? काळ्या जमिनीवर साखरपुडा?"

"तयार लॉन आणतोय. नर्सरीतून. गुंडाळ्या येतात, सतरंजीसारख्या. जमीन करायची, उलगडायच्या, सांधे दाबायचे."

"किती दिवस ठेवता येतात त्या गुंडाळ्या?"

"या उन्हात? आल्या दिवशीच लावायच्या. संध्याकाळपर्यंत आतून तापतात, मग पिवळ्या."

"लावनार कोन?"

उत्तर तिला नकोच होतं. 

पंधरा मेला सकाळी सात वाजता ट्रक आला. ड्रायव्हरने गुंडाळ्या आंब्याच्या सावलीत रचल्या, बिलावर सही घेतली आणि गेला. अनिलने दिनेशला वीस माणसं आणायला पाठवलं. आठ वाजता माणसं आली. बावीस बाया होत्या. पुढे जयश्री. कुणाच्याही हातात घमेलं किंवा फावडं नव्हतं. प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी कळशी होती. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला त्या बसल्या.

"आत या की," अनिल म्हणाला. "बसायला बोलावलंय का?"

"आमी कामाला आलोत, शेठ," जयश्री म्हणाली. "पयले टाकीत पानी सोडा."

"पाण्याचं संपलं. तुझ्या बापाला विचार."

"बापाला इचारलं. आता तुमच्या बापाला इचारायचं हाय."

बाया हसल्या. अनिल लाल झाला. "दिनेश, तुझ्या बायकोला सांग."

दिनेश आंब्याखाली गुंडाळ्यांवर ओलं गोणपाट टाकत होता. त्याने मान वर केली नाही. "ती माझं ऐकत असती तर मी कवाच सुखी असतो, शेठ."

अनिल टेम्पो घेऊन खर्डीला गेला. नाक्यावरून सहा माणसं उचलून सव्वादहाला परत आला. माणसं टेम्पोतून उतरली. फाटकात बसलेल्या बाया त्यांनी पाहिल्या, कळश्या पाहिल्या. त्यांतल्या एकाने ठमीला विचारलं, काय झालंय. ठमीने चार वाक्यांत सांगितलं. तो माणूस डोक्याचं फडकं सोडून रस्त्याच्या पलीकडच्या सावलीत जाऊन बसला. बाकीचे त्याच्या मागे गेले.

"तुम्हाला काय झालं?" अनिल म्हणाला.

"काय नाय, शेठ. ऊन हाय," तो म्हणाला.

अकरा वाजता दिनेशने एका गुंडाळीत हात घातला. आतून ती तापलेल्या अंगासारखी लागली. त्याने हात बाहेर काढला आणि फाटकाकडे गेला. जयश्रीसमोर उकिडवा बसला.

"तापाय लागल्यात," तो हळू म्हणाला. "दुपारी दोननंतर काय उपयोग नाय. निदान उलगडून तरी ठेवू. नाय तर मरतील."

"मरू दे."

"गवतानं काय केलंय तुझं?"

जयश्रीने कळशी मांडीवरून खाली ठेवली. "दिनेश, बारकी पडली तवा तू असाच धावत आलेलास का? तू गवताला हात लाव. लाव, मी अडवत नाय. मग संध्याकाळी पन तिथंच झोप, त्याच्याच शेजारी."

दिनेश तिथेच बसून राहिला. तो आतही गेला नाही आणि बायांमध्येही बसला नाही.

साडेअकराला रेश्मावहिनी बाहेर आल्या. मांडववाला पैसे मागत होता, आचारी जागा बघून गेला होता, समीक्षा खोलीत दार लावून रडत होती. रेश्मावहिनी फाटकात उभ्या राहिल्या. "जयश्री, काय हवंय ते एकदाच सांग."

"एकदाच सांगते, वहिनी. बोअरच्या मोटरच्या पेटीला आमचं कुलूप. चावी पाड्यावर. तुमच्या घराला पानी पायजे तेवढं, प्यायला, धुवायला, पावन्यांना. लॉनला अठरा तारखेपर्यंत सकाळी अर्धा तास. बाकी सगळं टाकीला. अठरा तारखेनंतर लॉनला थेंब नाय. पाऊस लागेपर्यंत."

"वेड लागलंय का?" अनिल मागून म्हणाला. "नवीन लॉन आहे. दिवसातून दोनदा पाणी लागतं. चार दिवसांत मरेल."

"तुमाला अठरा तारखेलाच पायजे ना? अठरा तारखेला हिरवं असेल. हे मी सांगत नाय, माझा नवरा सांगेल."

सगळे दिनेशकडे बघू लागले. त्याला ते सांगायचं नव्हतं. "असेल," तो म्हणाला.

"आणि माझं लॉन ज्यांनी जाळलं त्यांच्या अटी मी ऐकायच्या?" अनिल म्हणाला.

"तेच इचारायचंय," जयश्री उठली. त्या सकाळी ती प्रथमच फाटकाच्या आत आली. व्हरांड्यात कुंडलिक खुर्चीवर बसला होता. ती पायरीपाशी थांबली. "बाबा, माझ्या बापानं तीस वर्सं तुमच्या शेतात हाडं झिजवली. पंचवीस मानसांसमोर त्यानं मार खाल्ला असता तरी चाललं असतं, पन आगलाव्या म्हनून नाय. त्याला राब भाजायला कोनी सांगितलं?"

कुंडलिकने काठी दोन्ही हातांत धरली. रस्त्यावरची माणसं उठून फाटकापाशी आली होती.

"मी," तो म्हणाला.

"मागचा सांगितला असेल तुम्ही," अनिल म्हणाला.

"मी म्हटलं, बंगल्याजवळचा. पुढचा का मागचा, ते नाय बोललो. त्याला जागा ती एकच ठाऊक." कुंडलिकने मुलाकडे बघितलं नाही. "तवाच सांगायला पायजे होतं. तू ओरडत होतास."

 मग रेश्मावहिनी बंगल्यामागे गेल्या, मोटरच्या पेटीचं कुलूप काढून घेऊन आल्या आणि जयश्रीला म्हणाल्या, "तुमचं कुलूप लावा. आणि कामाला लागा. बारा वाजलेत."

"रेश्मा," अनिल म्हणाला.

"अडीचशे लोकांना तू राखेत बसवणार आहेस का?" त्या म्हणाल्या. "बसव. मग मी पण बघते."

पाणी टाकीत पडायला लागल्याचं खालून एका मुलीने ओरडून सांगितलं. तेव्हा बायांनी पदर खोचले. आधी सगळ्या गुंडाळ्या उलगडून सावलीत मोकळ्या केल्या. मग राख ओढून जमीन सपाट झाली, भिजली. पट्ट्या ओळीने लागत गेल्या. ज्यांनी भट्टीवर विटा रचल्या होत्या त्यांना जोडावर जोड न येऊ देता ओळी लावायचं शिकवावं लागलं नाही. एक ओळ लागली की दहा-बारा जणी ओळीने उभ्या राहत आणि अनवाणी पायांनी सांधे दाबत पुढे सरकत. खर्डीचे सहाही जण आत आले. पोश्या आला नाही. पाच वाजून वीस मिनिटांनी चौकोन हिरवा झाला. अनिल व्हरांड्यात उभा होता. जयश्री कुलपाची चावी नाडीत अडकवून निघाली तेव्हा तो म्हणाला, "अठरानंतर बघतो तुझ्याकडे."

"बघा," ती म्हणाली. "मी कुठं जात नाय."

साखरपुडा नीट पार पडला. पाहुण्यांनी लॉनचं कौतुक केलं. मुलाच्या मामाने दिनेशला बोलावून, एवढ्या उन्हाळ्यात हे कसं राखलंत, असं विचारलं. दिनेश म्हणाला, मेहनत.

एकोणीस तारखेला सकाळी लॉनला पाणी आलं नाही. वीस तारखेला सांधे उघडे पडायला लागले आणि कडा फिक्या झाल्या. एकवीसला पात्या दुमडून सुईसारख्या झाल्या. पायाखाली दबलेलं गवत उठेनासं झालं. दिनेशने पाणी न मागता जमेल ते केलं. दुपारची सावली पडावी म्हणून मांडवाचं हिरवं कापड बांधून घेतलं. त्याला माहीत होतं, जुन्या गवताला खाली मुळं होती म्हणून ते झोपू शकलं. या गवताची मुळं अजून मातीत उतरलीच नव्हती. हे झोपणार नव्हतं. मरणार होतं.

बावीसला सकाळी अनिल हातोडी घेऊन बाहेर आला आणि ती त्याने दिनेशच्या हातात दिली.

"कुलूप तोड."

दिनेशने हातोडी हातात घेतली. बोअर बंगल्यामागे उंचावर होती. तिथून खाली पाड्याची काळी टाकी स्पष्ट दिसत होती आणि टाकीपाशी बाया उभ्या होत्या. जयश्री त्यांच्यात होती.

"शेठ, दीड महिना मी ते गवत जगवलं. तुमी एक दिवस वाकून बघितलं नाय," तो म्हणाला. "जळलं तवा तुमाला राग आला. मला काय झालं असेल ते इचारलंत? हे गवत मी लावलं तवाच मेलेलं होतं. ते वाचवायला मी माझ्या बायकोचं कुलूप तोडू?" त्याने हातोडी पेटीवर ठेवली. "तुमी तोडा. दोन घावांत तुटेल."

अनिलने हातोडी उचलली. खाली टाकीपाशी बायांनी माना वर केल्या. कुणी वर आलं नाही. त्या फक्त बघत राहिल्या.

"ठेव ती," मागून कुंडलिक म्हणाला. तो काठी टेकत चढ चढून आला होता आणि त्याला धाप लागली होती. "दीड महिन्यावर लावणी आलीय. या बाया नाय आल्या तर चिखलात उतरनार कोन? तू? का तुझा मांडववाला?"

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. तुमच्यामुळेच झालंय हे."

"माझ्यामुळंच झालंय. म्हनून पडतोय."

अनिल हातोडी धरून उभा राहिला.  मग त्याने ती जोरात भिरकावली. ती पेटीवर न पडता बाजूच्या दगडावर आपटली आणि दांडा मोडला. तो घराकडे चालत गेला. जाताना वळून म्हणाला, "तू उद्यापासून येऊ नको."

"आज पन मी कामाला आलेलो नाय, शेठ," दिनेश म्हणाला. "राखायचं काय राहिलंय?"

तो उतार उतरून पाड्यात आला. जयश्रीने कळशी टाकीखालून काढली आणि बाजूला झाली. तो ओंजळ धरून वाकला आणि पाणी प्यायला.  गवत मेल्याचा राग त्याच्या मनातून गेला नव्हता, आणि तो जावा म्हणून ती त्याची समजूत घालणार नव्हती. तिने फक्त, त्याचं पिऊन होईपर्यंत, पुढची कळशी नळाखाली लावू दिली नाही.